मुलीला जीवाश्मांचं वेड आहे, राहतो रत्नागिरीत. या शास्त्रात बायकांनी काही केलंय का?

भरपूर. इंग्लंडच्या लाइम रीजिस गावची मेरी ॲनिंग दरड कोसळली की कड्याखाली जीवाश्म वेचायची आणि ते विकून घर चालवायची. १८२३ मध्ये तिने प्लेसिओसॉर या लांब मानेच्या प्राचीन समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याचा जवळपास अख्खा सांगाडा काढला; कुव्हिएसारख्या बड्या शास्त्रज्ञाला आधी तो बनावटच वाटला! श्रेय बहुतेक वेळा विकत घेणाऱ्या साहेबांना. लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने बायकांना सदस्य करून घेतलं ते थेट १९१९ मध्ये.

आपल्याकडे वनस्पतींच्या जीवाश्मांचे अभ्यासक बिरबल साहनी १९४९ मध्ये गेल्यावर त्यांची लखनौची पुरावनस्पती संस्था पत्नी सावित्री साहनींनी सांभाळली.

कोकणात डायनासोर मात्र शोधू नका, खडक लाव्हाचा. विहीर खणताना जांभ्याखाली काळी चिकणमाती लागली तर ढेकळं सावकाश फोडायला सांगा लेकीला. पानांचे ठसे मिळू शकतात.