जंगल राखायचं की वापरायचं: भारतात हा वाद कधी सुरू झाला आणि बरोबर कोण?

सुरुवात रेल्वेच्या स्लीपरपासून, म्हणजे रुळांखालच्या आडव्या लाकडी ओंडक्यांपासून झाली. मैलभर रुळांना 1,760 ते 2,000 स्लीपर लागत, आणि प्रक्रिया न करता टिकणारं लाकूड मुख्यतः साग, साल नि देवदार एवढंच. ते संपत चाललं म्हणून 1864 मध्ये वनखातं निघालं. वाघ-हरणांचा विचार तेव्हा नव्हता. राखायचं होतं ते लाकूड.

1878 च्या वन कायद्याआधी खुद्द अधिकाऱ्यांतच जुंपली होती. बेडन-पॉवेल यांना सगळी सरकारी मालकी हवी होती, तर खात्याचे पहिले प्रमुख ब्रँडिस यांना गावांसाठीही जंगलं ठेवायची होती. कायद्यात 'ग्रामवन' आलं, पण बहुतेक कागदावरच राहिलं. 1927 च्या कायद्यातही तीच चौकट आहे. जंगल राखीव करताना वन जमाबंदी अधिकारी जाहीरनामा काढतो आणि दावे सांगायला किमान तीन महिने देतो. मुदतीत दावा आला नाही आणि चौकशीतही हक्क आढळला नाही, तर कलम 9 नुसार तो हक्क संपतो. ज्या गावात चराई आणि सरपणाचा हक्क पिढ्यानपिढ्या तोंडीच चालत आला, तिथे या तीन महिन्यांत काय झालं असेल ते उघड आहे. माझ्या मते खरा घाव इथे बसला.

बरोबर कोण, याचं उत्तर मात्र जागेवर जाऊन बघावं लागतं. कर्नाटकात कागद गिरणीसाठी बांबू तोडताना बेटाच्या बुडाचं काटेरी जाळं साफ केलं जाई. समजूत अशी, की गर्दी कमी झाली की बेट जोमानं वाढेल. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि सहकाऱ्यांनी पाहिलं तर उलटंच घडत होतं. त्या काट्यांआड कोवळे कोंब सुरक्षित वाढतात. काटे गेले की गुरं, माकडं, साळिंदर ते फस्त करतात. नवे कोंब नाहीत म्हणजे चार-पाच वर्षांनी तोडायला काठ्याही नाहीत. गावकरी मात्र ते जाळं तसंच ठेवून काठ्या काढत. आणि बांबू घटल्याचा ठपका त्यांच्यावरच!

आता दुसरी, म्हणजे राखणाऱ्यांची बाजू. राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव पाणथळीत 1982 मध्ये म्हशींची चराई बंद केली. विरोध झाला, पोलिसांच्या गोळीबारात माणसं गेली. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) दीर्घ अभ्यासात दिसलं, की म्हशी खात होत्या ते पॅस्पॅलम गवत मोकाट वाढून उथळ पाणी झाकून टाकतंय. मोकळं पाणी घटलं, तशी पाणपक्ष्यांची जागाही घटली. हेतू चांगला, पण गवत खातं कोण हे बंदीआधी कुणी तपासलंच नव्हतं.

म्हणून 2006 च्या वनहक्क कायद्याचं कलम 4(2) मला फार मोलाचं वाटतं. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात लोकांचे हक्क बदलून 'संकटग्रस्त वन्यजीव अधिवास' (वन्यजीवांसाठी माणसांच्या वावरापासून मोकळं ठेवायचं क्षेत्र) करायचा, तर आधी हक्कांची नोंद पूर्ण हवी, लोकांच्या वावरामुळे भरून न येणारी हानी होते हे सिद्ध व्हावं लागतं, सहअस्तित्वासारखा दुसरा वाजवी पर्याय नाही असा निष्कर्ष लागतो, आणि ग्रामसभांची लेखी, माहितीपूर्वक संमती लागते. तुम्ही एखाद्या बंदीबद्दल वाचत असाल, तर या चार गोष्टींचे कागद आधी मागा.