'प्राथमिक स्त्रोत', दप्तर आणि घटसर्प

बी.ए.च्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न : "सर, सोलापूरच्या चार हुतात्म्यांवर प्रोजेक्ट करायलोय. 'प्राथमिक स्त्रोत' लिहू की 'प्राथमिक साधन' वो?"

आधी तो 'स्त्रोत' खोडा. धातू 'स्रु', म्हणजे वाहणे, त्यावरून स्रोत. मधला 'त' बहुधा स्तोत्रातून घुसला. परिपत्रकांपासून प्रबंधांपर्यंत तो ठाण मांडून बसलाय.

'प्राथमिक'ही फसवा. प्राथमिक शाळा, प्राथमिक उपचार ऐकून वाढलेल्या पोरांना वाटतं, जुजबी माहिती मागितलीय. मग विकिपीडिया जोडतात. एकाने चार पुतळ्यांचा फोटोच डकवला होता. अरे, फाशी १२ जानेवारी १९३१ची, पुतळे त्यानंतरचे! प्राथमिक साधन म्हणजे त्या घटनेच्या काळातलाच पुरावा. सोलापुरातल्या १९३०च्या मार्शल लॉसाठी, म्हणजे लष्करी अंमलासाठी, खटल्याचं निकालपत्र, तेव्हाचे सरकारी हुकूम, त्या आठवड्यातली वर्तमानपत्रं बघायची. शहराने हुतात्म्यांची आठवण कशी जपली, हा विषय असता तर मात्र पुतळेच अस्सल साधन.

आणि हे सगळं सापडतं कुठे? दप्तरात, म्हणजे जुन्या कागदपत्रांच्या साठ्यात! हा शब्द फारसीतून आला, पण मूळ ग्रीक : 'डिफ्थेरा', म्हणजे कमावलेलं कातडं. प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो की आयोनियातले (आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरचे) ग्रीक पपायरसच्या, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदाच्या, गुंडाळ्यांनाही कातडीच म्हणत, कारण पूर्वी ते कातड्यावर लिहीत. डिप्थेरिया, म्हणजे घटसर्प, याच कुळातला. घटसर्पात घशात कातड्यासारखा पापुद्रा धरतो. म्हणजे पोराच्या पाठीवरचं दप्तर आणि घशातला घटसर्प सख्खे भाऊ.

काही पंडित दप्तराचं नातं जुन्या फारसीतल्या 'दिपी'शी, म्हणजे पर्यायाने आपल्या 'लिपी'शी जोडतात. जोडोत बापडे. दिपी कोरायची दगडावर. दगडाचं गाठोडं कोण बांधतं? माझा तर्क असा की मराठीत कागदांचं दप्तर पोराची पिशवी झालं ते कापडामुळे. पुण्याच्या पेशवे दप्तरातले, म्हणजे पेशवाईच्या कागदपत्रांच्या साठ्यातले, कागद आजही रुमालात बांधलेले असतात, गठ्ठ्यालाच 'रुमाल' म्हणतात. पोरंही पाटी-पुस्तकं फडक्यात बांधून शाळेत जात. कातडं, कागद, कापड असा हा प्रवास. टॉवेल-चादरींच्या सोलापूरकराला तरी तो पटावा.

तर काय विचारलं होतं? हां. 'साधन' लिहा. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली पहिला खंड काढला तो 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' म्हणूनच. आणि पुढे कधी पुण्याला पेशवे दप्तरात गेलात, तर तळटीपेत नुसतं 'पेशवे दप्तर' लिहून सुटू नका, रुमालाचा क्रमांक द्या.