चावी मागितली की पोटात गोळा का येतो?

"गाडी मागितली तर नाही कसं म्हणायचं?" एवढाच प्रश्न घेऊन समुपदेशकाकडे सहसा कुणी येत नाही. लोक येतात ते झोप लागत नाही म्हणून, शनिवार जवळ आला की पोट बिघडतं म्हणून, घरात उगाच चिडचिड होते म्हणून. बोलण्याच्या ओघात मोटारसायकलचा विषय निघतो आणि माणूस लगेच ओशाळून म्हणतो, "तसं काही मोठं नाहीये, गाडीच तर आहे."

कोपरखैरण्याचा एक सत्तावीस वर्षांचा तरुण असाच आला होता. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वडील एपीएमसी मार्केटमधून निवृत्त झालेले माथाडी कामगार, घराचं मूळ सातारकडचं. मुलगा महापेला नोकरी करतो. त्यानं हप्त्यावर १६० सीसीची मोटारसायकल घेतली आणि चार-सहा महिन्यांत ती सगळ्या गोतावळ्याची झाली. मावसभाऊ रविवारी न्यायचा, वरच्या मजल्यावरचा मित्र रोज जिमला न्यायचा आणि टाकी रिकामी करून आणायचा, ऑफिसातला सहकारी "दहा मिनिटांत येतो" म्हणून दोन तास घालवायचा. नकार द्यायची हिंमत नव्हती, म्हणून यानं बहाणे सुरू केले. चावी सापडत नाही, गाडी सर्व्हिसिंगला दिली आहे. मग सर्व्हिसिंगला दिलेली गाडी खाली दिसू नये म्हणून ती शेजारच्या सेक्टरमध्ये लावायची आणि ऑफिसला जाताना तिथवर चालत जायचं. खोट्याची ही उस्तवार त्याला नकारापेक्षा महाग पडत होती.

एका रविवारी मावसभाऊ गाडी घेऊन उलव्याला गेला. परत आली तेव्हा क्लचचा लिव्हर वाकलेला, डावा फूटरेस्ट घासलेला. तो काही बोलला नाही, यानंही विचारलं नाही. काही दिवसांनी मोबाईलवर ई-चलन आलं, तेही यानं गुपचूप भरलं. त्यानंतर कुणी गाडी नेली की ती परत येईपर्यंत हा खिडकीत उभा. घरचे म्हणायचे, "जीव अडकलाय याचा त्या गाडीत."

पहिल्या भेटीत त्याला कागदावर दोन रकाने करायला सांगितले. एका बाजूला गाडीबद्दलची भीती, दुसऱ्या बाजूला माणसांबद्दलची. डाव्या रकान्यात आलं: पडेल, ठोकेल, चोरीला जाईल, पोलीस पकडतील, भरपाई कोण देणार. उजव्या रकान्यात आलं: मावशी काय म्हणेल, बाबांची मान खाली जाईल, मला कोत्या मनाचा म्हणतील. आजवर त्यानं दोन्ही एकत्र कालवले होते. डाव्या रकान्याला मनाचा आजार समजू नये, असं माझं ठाम मत आहे. ती काळजी रास्त आहे आणि तिचं उत्तर श्वासाच्या व्यायामात नाही. ते लायसन्स, विमा आणि यंत्र यांच्या माहितीत आहे. समुपदेशनाचं काम उजव्या रकान्यात.

आधी लायसन्स. मावसभावाकडे लायसन्स होतं, त्यामुळे घरात तो प्रश्नच कुणी काढला नव्हता. पाहिलं तर ते बिनगिअरच्या दुचाकीचं निघालं. म्हणजे ॲक्टिव्हा चालवायची मुभा, गिअरच्या मोटारसायकलची नाही. लायसन्सवर एमसीडब्ल्यूजी हा वर्ग असेल तरच गिअरची गाडी चालवता येते. एमसीडब्ल्यूओजी म्हणजे बिनगिअरची. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५ नुसार योग्य लायसन्स नसलेल्याला गाडी चालवू न देणं ही मालकाची जबाबदारी आहे. कलम १८० खाली त्यासाठी मालकालाच पाच हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. चालवणारा अठराच्या आतला असेल तर २०१९ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम १९९अ लागतं: पालक किंवा गाडीमालक यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. सोसायटीच्या आवारात "जरा शिकव ना" म्हणणाऱ्या नववी-दहावीच्या पोरांच्या बाबतीत म्हणूनच विचार करण्यासारखं काही उरत नाही.

विम्याबद्दलचे गैरसमज याहून मोठे. "फुल इन्शुरन्स आहे" म्हणून लोक निर्धास्त असतात. चालवणाऱ्याकडे योग्य लायसन्स असेल आणि पॉलिसी चालू असेल, तर मित्राच्या हातून तिसऱ्या माणसाला इजा झाली तरी थर्ड पार्टी विमा लागू होतो. लायसन्स नसेल तर अनेक खटल्यांत असं झालं आहे की कंपनीनं जखमीला भरपाई दिली आणि मग ती रक्कम मालकाकडून वसूल केली. दावा ठाण्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात उभा राहिला तर चालकाबरोबर मालकही प्रतिवादी असतो, मग अपघाताच्या वेळी तो घरी झोपलेला का असेना. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा करतानाही कंपनी चालवणाऱ्याच्या लायसन्सची प्रत मागते. शिवाय दावा केला की नो क्लेम बोनस, म्हणजे वर्षभर दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. हा बोनस पहिल्या वर्षी वीस टक्क्यांपासून सुरू होऊन पन्नासपर्यंत चढतो. प्लास्टिक आणि रबरी भागांवर साध्या पॉलिसीत घसारा, म्हणजे वापरानं घटलेली किंमत, म्हणून निम्मी रक्कम कापतात. त्यामुळे लिव्हर, इंडिकेटर, मडगार्ड एवढंच मोडलं असेल तर बहुतेक वेळा खिशातूनच भरलेलं बरं पडतं.

सगळ्यात कमी माहीत असलेली बाब खुद्द गाडी मागणाऱ्याच्या जिवाची आहे. पॉलिसीतलं पंधरा लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण मालक-चालकासाठी असतं. मित्र गाडी नेऊन स्वतःच्या चुकीनं घसरला, तर त्याच्या घरच्यांना त्यातून तेवढी रक्कम मिळेल असं धरून चालता येत नाही. २००९ च्या निंगम्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की उसनी मोटारसायकल चालवणारा मालकाच्याच जागी उभा असतो, त्यामुळे तेव्हाच्या कलम १६३अ खालची, म्हणजे कुणाची चूक सिद्ध न करता मिळणारी भरपाई त्याला मागता येत नाही. हे ऐकल्यावर तो तरुण बराच वेळ गप्प होता. गाडी न दिल्यानं भावाचं मन दुखावेल एवढंच त्यानं आजवर पाहिलं होतं. दिल्यानं भावाचं काय होऊ शकतं, ते पहिल्यांदा समोर आलं.

आता यंत्र. तो लिव्हर कशानं वाकला असेल? स्कूटरवर डाव्या हाताचा लिव्हर म्हणजे ब्रेक, मोटारसायकलवर तोच क्लच. समोर अचानक काही आलं की हात सवयीनं डावा लिव्हर दाबतो, इंजिन चाकापासून सुटतं, इंजिनाचा अडसर जातो आणि गाडी थांबायच्या ऐवजी मोकळी पुढे सरकते. अनेक महिने फक्त स्कूटर चालवलेल्या माणसाकडून हे होतंच, तो निष्काळजी असायला हवा असं नाही. मावसभावानं नंतर सांगितलं ते हेच, वाशीच्या सिग्नलला पुढची रिक्षा थांबली आणि "ब्रेकच लागला नाही". मोटारसायकल चालवणाऱ्यांमध्येही गिअरचा घोळ होतो. स्प्लेंडरसारख्या गाडीत सगळे गिअर पंजानं पुढे दाबून पडतात. १५०-१६० सीसीच्या बहुतेक गाड्यांत पहिला खाली आणि बाकीचे वर. स्प्लेंडरची सवय असलेल्यानं दुसऱ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगात तिसऱ्यासाठी पंजा दाबला तर पहिला पडतो, मागचं चाक झटका खातं आणि ओल्या रस्त्यावर गाडी आडवी होते. जुन्या बुलेटचा तर गिअरच उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या.

ही माहिती हातात आल्यावर उजवा रकाना बराच हलका झाला, कारण आता नकाराला कारण सापडलं होतं आणि ते कारण सगळ्यांना सारखंच लागू होतं. इथे एक गोष्ट आग्रहानं सांगतो: गाडी द्यायची की नाही हे चावी हातात असताना, समोरचा बघत असताना ठरवू नये. त्या क्षणी माणूस फक्त स्वतःची अवघडलेली अवस्था संपवायला बघतो आणि चावी देऊन मोकळा होतो. नियम आधी, निवांतपणे, लिहून ठरवावा. त्यानं ठरवलं ते असं: गिअरचं लायसन्स नसेल तर नाही. दारू प्यालेल्याला नाही, मग तो सख्खा असला तरी. रात्री दहानंतर नाही. आणि नेणाऱ्यानं चावी तिसऱ्याच्या हाती द्यायची नाही.

मग सराव. वाक्य छोटं हवं आणि त्यात खोटं नको. "गाडी नाही देता येणार रे, कुठं जायचंय ते सांग, सोडतो." किंवा, "तुझ्या लायसन्सवर गिअरची गाडी नाही, काही झालं तर तुझंही नुकसान." कारण एकदाच द्यायचं. समोरचा पुन्हा मागेल, तेव्हा नवं कारण शोधायचं नाही, तेच वाक्य त्याच आवाजात पुन्हा. नवनवी कारणं देणारा माणूस हरतो, कारण प्रत्येक कारणाला समोरच्याकडे तोड असते. "टाकी फुल करून देतो" म्हटलं की पेट्रोलचं कारण संपलं. सोडायला जाण्याची तयारी मनापासून असेल तरच ती दाखवावी, नाहीतर तेही नवं ओझं होतं. सरावाची सुरुवात सगळ्यात सोप्या माणसापासून केली, ऑफिसातल्या सहकाऱ्यापासून. त्यानं "बरं" म्हणून ओला बोलावली. एवढंच घडलं. मावसभाऊ सगळ्यात शेवटी.

खरी गाठ वडिलांपाशी होती. नात्यातलं कुणी आलं की तेच परस्पर म्हणायचे, "घेऊन जा, तो काय बोलणार नाही." गावाकडं कुणाचीही गाडी कुणीही नेतो, यात त्यांना वावगं दिसत नव्हतं, आणि त्यांच्या त्या मोकळ्या हाताला मी दोष देणार नाही. त्यांना एका भेटीला बोलावलं. "मुलाच्या मनावर ताण येतो" हे त्यांना फारसं पटलं नाही. कलम १८० आणि वसुलीची गोष्ट समजावली तेव्हा ते सावरून बसले. पोराला कोर्टाच्या तारखा लागतील, हे त्यांना चालणार नव्हतं. जाताना त्यांनीच विचारलं, गावी भावाला दिलेली जुनी गाडी अजून मुलाच्याच नावावर आहे, तिचं काय? तिचंही तेच. २०१८ मध्ये नवीन कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की गाडी विकली किंवा दिली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच कायद्यानं मालक. फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदलून घेणं एवढाच उपाय, आणि तो त्यांनी केला.

मावशी काही आठवडे फोनवर तुटक बोलत होती. ते सहन करावं लागतं, त्याला दुसरा उपाय नाही. मावसभावानं मात्र वाशी आरटीओत गिअरच्या वर्गाचा अर्ज केला, शिकाऊ परवाना काढला, चाचणी दिली आणि मग रीतसर गाडी मागितली. तेव्हा देताना काय करायचं तेही ठरलेलं होतं. लायसन्स डिजिलॉकरमध्ये पाहायचं. इंजिन बंद ठेवून त्याला बसवायचं आणि विचारायचं, डावा लिव्हर कशाचा, पहिला गिअर वर की खाली. सेक्टरच्या आतल्या रस्त्यावर एक फेरी: उचलणं, तिसऱ्यापर्यंत गिअर, दोन्ही ब्रेक एकत्र लावून थांबणं, यू-टर्न. चाकात हवा गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे, या वर्गात साधारण पुढे २५ आणि मागे २८ पीएसआय, मागे माणूस बसणार असेल तर मागे थोडी जास्त. साइड स्टँड खाली राहिला तर इंजिन बंद पडतं की नाही ते सांगायचं. जुन्या गाड्यांत पडत नाही आणि डावीकडे वळताना स्टँड टेकून माणूस पडतो. आयएसआय मार्कचं हेल्मेट, मागे कुणी बसणार असेल तर दोन. चारही बाजूंचे आणि मीटरचा फोटो. आरसी, विमा, पीयूसी मोबाईलवर आहेत का. उलवे-चिर्लेकडे जाणाऱ्याला बजावायचं की अटल सेतूवर दुचाकीला बंदी आहे, चुकून चढलास तर चलन माझ्या नावावर येईल. चलन आलंच तर भरायचं कुणी, हे त्याच वेळी बोलून घ्यायचं. पोलिसांनी विचारलं तर गाडी कोण चालवत होतं हे सांगणं कलम १३३ प्रमाणे मालकावर बंधनकारक आहे, हेही त्याला माहीत असावं.

परत आल्यावर हँडल सरळ आहे का, लिव्हरची टोकं, फूटरेस्ट, रिमला पोचा, टायरच्या बाजूला फुगवटा, पुढच्या शॉकॲब्सॉर्बरवर तेल हे मागणाऱ्याच्या देखत पाहायचं. घोडबंदर रोडच्या गर्दीत तासभर अर्ध्या क्लचवर चालवलेली गाडी जळका वास देते. इंजिन ओरडतं पण वेग वाढत नाही असं झालं तर क्लच प्लेटा घसरू लागल्या समजायचं. देखत पाहिल्यानं संशय वाढत नाही. उलट न बोलता मनात ठेवलेला ओरखडा नातं खातो, ते या दोघा भावांचं झालंच होतं.

वरच्या मजल्यावरच्या मित्राला आता गाडी मिळत नाही. त्याच्याकडे लायसन्स होतं, हातही चांगला होता, तरीही. रोजची गरज ही उसनवारीत बसत नाही, ती त्याची त्यानं भागवायची. मुलाला हे नियमात लिहायला अवघड गेलं, कारण इथे कायद्याचा आधार नव्हता, फक्त स्वतःची इच्छा होती. आमचा सर्वाधिक वेळ याच एका नकारावर गेला. असा नकार गाडीच्या बाबतीत जमला, तरी कर्जाला जामीनदार म्हणून सही मागितली, क्रेडिट कार्ड मागितलं, सुटीच्या दिवशी काम गळ्यात घातलं की पुन्हा तोंडातून हो निघत असेल, छातीत धडधड होत असेल, खोटं बोलून दिवस काढावे लागत असतील, तर गाडीचे नियम पुरणार नाहीत. त्यासाठी समुपदेशकाकडे काही महिने नियमित जावं, आणि झोप किंवा भूक बिघडली असेल तर मानसोपचारतज्ज्ञालाही दाखवावं.