विंडोज ११ मध्ये १० मिनिटांची वेळ लावूनही मॉनिटर आपोआप का बंद होत नाही?

बहुतेक वेळा एखादा चालू प्रोग्रॅम 'स्क्रीन चालू ठेव' अशी मागणी विंडोजकडे करत असतो, आणि ती मागे घेतली जाईपर्यंत तुमची १० मिनिटं मोजलीच जात नाहीत. तो कोण हे विंडोजच सांगतं: कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची विंडोजची खिडकी) 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडा, 'पॉवरसीएफजी', एक जागा, तिरकी रेघ (/) आणि त्याला जोडून 'रिक्वेस्ट्स' असं इंग्रजीत टाइप करून एंटर दाबा. यादीत 'डिस्प्ले' खाली ज्याचं नाव दिसेल तो बंद करा. ब्राउझरचं नाव आलं तर एखाद्या टॅबमध्ये व्हिडिओ चालू आहे का पाहा. व्हिडिओ कॉलही असंच करतात.

मात्र माउस किंवा गेमपॅडची हालचाल या यादीत येत नाही. 'डिस्प्ले' खाली 'नन' (None, म्हणजे कोणीच नाही) दिसलं तर:

- गेमपॅड काढून ठेवा.
- माउस उलटा करून वाट पाहा. (चकचकीत टेबलावर ऑप्टिकल माउसचा कर्सर आपोआप थरथरतो, आणि विंडोजला वाटतं तुम्ही काम करताय.)

स्क्रीन काळी होऊन लगेच परत उजळत असेल, तर मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूतला 'ऑटो इनपुट' (सिग्नल कुठून येतोय हे आपोआप शोधणं) बंद करून बघा.