फ्लॅशचा उजेड आणि खोलीतला उजेड

प्रिय मित्रा,

तुझे फोटो मोठे करून पाहिले. निम्म्यांत चेहरे पांढरेफटक आणि मागे काळोख. उरलेल्यांत खोली छान आलीय, पण माणसं हललीयत. कॅमेरा बिघडलेला नाही. पहिले फोटो 'पी' मोडवरचे आहेत, त्यात शटर (उजेड किती वेळ आत येतो) आणि ॲपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं) दोन्ही कॅमेराच ठरवतो. दुसरे ॲपर्चर प्रायॉरिटीवरचे, त्यात ॲपर्चर तू ठरवतोस आणि शटर कॅमेरा.

फ्लॅश लावलास की एकाच फोटोत दोन एक्स्पोजर होतात, म्हणजे दोन उजेडांची वेगवेगळी नोंद: फ्लॅशची आणि खोलीची. फ्लॅश क्षणात चमकून विझतो, त्यामुळे शटर १/६० सेकंद ठेव किंवा १/१५, चेहऱ्यावरचा फ्लॅशचा उजेड तेवढाच राहतो. शटरने कमी-जास्त होतो तो खोलीतला उजेड. ॲपर्चर आणि आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) मात्र दोन्हींवर परिणाम करतात. फोटो हलू नये म्हणून 'पी' मोड सहसा १/६० च्या खाली उतरत नाही, म्हणून मागे काळोख. ॲपर्चर प्रायॉरिटीत बरेच कॅमेरे आधी खोलीचा उजेड धरतात आणि शटर पार १/४ पर्यंत नेतात.

म्हणून खोलीचं एक्स्पोजर तू ठरव, फ्लॅशचं ऑटोवर सोड. मोड मॅन्युअल, ऑटो आयएसओ बंद. ॲपर्चर एफ/४, शटर १/६०, आयएसओ १६०० पासून सुरुवात कर आणि आधी फ्लॅश न लावता एक फोटो काढ. खोली ओळखू येईल, पण किंचित अंडर (काळपट) दिसेल, इथवर आकडे जुळव. मग फ्लॅश टीटीएल या त्याच्या ऑटो मोडवर लाव. तो आधी बारीकशी चमक टाकून लेन्समधून परत आलेला उजेड मोजतो आणि किती जोर लावायचा ते ठरवतो. हे काम तो चांगलं करतो, तिथे त्याच्यावर भरवसा ठेव.

फसतो तो काळ्या-पांढऱ्याला. समोरचं सगळं मध्यम राखाडी आहे असं धरून तो हिशेब करतो. काळा कोट फ्रेमभर असेल तर जोर वाढवतो आणि चेहरा ओव्हर (पांढराफटक) होतो. तिथे फ्लॅश कॉम्पेन्सेशन (फ्लॅशचा जोर कमी-जास्त करायचं सेटिंग) -१ कर. पांढऱ्या कपड्यांना उलट, + कडे जा.

एकाच फोटोतल्या पुढच्या-मागच्या अंतराचा फरक मात्र कुठलंच सेटिंग सांभाळून घेत नाही. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. तुझ्या ग्रुप फोटोत पुढची रांग एक मीटरवर आणि मागची दोन मीटरवर होती, म्हणजे थेट दोन स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). तूच दोन मीटर मागे सरकला असतास, तर रांगा तीन आणि चार मीटरवर आल्या असत्या आणि फरक एका स्टॉपच्याही आत राहिला असता. छत पांढरं आणि फार उंच नसेल तर फ्लॅशचं तोंड वर वळव. तो उजेड मला समोरच्या फ्लॅशपेक्षा कितीतरी जास्त आवडतो. जोर मात्र बराच लागतो, त्यामुळे आयएसओ वाढवायला कचरू नकोस. त्याने येणारा थोडा नॉइज (फोटोतले दाणे) चालतो, हललेला चेहरा दुरुस्त होत नाही.

पुढच्या वेळी फ्लॅश न लावता काढलेला तो पहिला फोटोही सोबत पाठव.