आज आवक जास्त होती

"मॅडम, माझ्यातच काहीतरी खोट आहे. कन्सल्टन्सीवाले दोन दिवस पिच्छा पुरवतात आणि रिझ्युमे पाठवला की फोनसुद्धा उचलत नाहीत."

हे वाक्य गेल्या काही वर्षांत माझ्या समुपदेशनाच्या खोलीत इतक्यांदा कानावर पडलं, की शेवटी लिहायलाच बसले. बोलणारे बहुतेक पुण्यातल्या हिंजवडी-खराडीकडचे, आयटी कंपन्यांत कॉन्ट्रॅक्टवर काम करणारे. सहा महिन्यांचं, वर्षाचं काम संपतं आणि पुन्हा कन्सल्टन्सीच्या, म्हणजे नोकरी मिळवून देणाऱ्या एजंटच्या फोनची वाट पाहणं सुरू होतं. त्यातल्या एकांबद्दल सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांना सचिन म्हणू.

सचिन, वय ३९, सॉफ्टवेअर टेस्टर. कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढलं नाही म्हणून तीन महिने घरी. पत्नीने फारच धरलं म्हणून माझ्याकडे आले. आल्या आल्या फोन टेबलावर समोर ठेवला. वीसेक मिनिटांनी तो वाजला आणि सचिन खुर्चीतून उठून उभे राहिले. "येस मॅम. बोला मॅम." पलीकडची मुलगी आवाजावरून तेवीस-चोवीसची असावी. तिने रेट विचारायच्या आतच हे म्हणाले, "मागच्यापेक्षा कमी दिलं तरी चालेल मॅम. लगेच जॉइन होतो." फोन ठेवला तेव्हा कॉलर घामाने भिजली होती. कंपनी कुठली, किती महिन्यांचं काम, कुणाच्या पेरोलवर, यातलं काहीच त्यांनी विचारलं नव्हतं. तिचा फोन पुन्हा आला नाही.

दुसऱ्या भेटीला ते लॅपटॉप घेऊन आले. एक्सेल शीटमध्ये ४१ एजंटांची नावं, तारखा आणि शेवटचा रकाना: 'का झालं नाही'. वय जास्त. इंग्रजी कच्चं. गॅप पडली. ऑटोमेशन (प्रोग्रॅम लिहून टेस्टिंग करणं) येत नाही. सगळा रकाना मी सावकाश वाचला.

"ही कारणं तुम्हाला कोणी सांगितली?"

"सांगितली नाहीत. पण तीच असणार ना."

"४१ पैकी कारण सांगितलं किती जणांनी?"

ते बराच वेळ शीट वरखाली करत राहिले. "दोघांनी. एक म्हणाला, पोझिशन होल्डवर गेली. दुसरी म्हणाली, तुमचं प्रोफाइल दुसऱ्या एजन्सीकडून आधीच आलंय."

"मग उरलेल्या ३९ ओळी कोणी भरल्या?"

अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ विचारधारेत मी घडले. घटना आपल्याला जेवढं छळते त्याहून जास्त आपण तिचा लावलेला अर्थ छळतो, हे मी आयुष्यभर पाहत आले आहे. फोन आला नाही, ही घटना. मी कुचकामी आहे, हा अर्थ. सचिनना हे पटलं. पण मान डोलावणं वेगळं आणि रात्री झोप लागणं वेगळं. पुढच्या दोन भेटींत मी तर्क लढवत राहिले आणि ते विनयाने 'हो मॅडम' म्हणत राहिले.

वाट सापडली ती सहज विचारलेल्या प्रश्नातून. गावी वडील काय करतात? जुन्नर तालुक्यात शेती, टोमॅटो. माल नारायणगावच्या बाजारात जातो, वीस किलोच्या क्रेटमध्ये. सचिन पहिल्यांदाच मोकळे बोलू लागले. अडत्या कसा बोलतो, बोली कशी लागते, आणि २०१६ पासून अडत, म्हणजे अडत्याची दलाली, शेतकऱ्याकडून न कापता खरेदीदाराकडून कशी घेतात.

"एखाद्या दिवशी माल पडून राहिला, तर वडील घरी येऊन काय म्हणतात?"

"म्हणतात, आज आवक जास्त होती."

"आपला माल वाईट होता, असं?"

"छे. माल ते स्वतः निवडतात. मालाचं त्यांना ठाऊक असतं." आणि बोलता बोलता ते थांबले. खोलीत फक्त पंख्याचा आवाज. मग हळूच म्हणाले, "आवक जास्त होती. एवढंच म्हणतात ते. आणि जेवायला बसतात."

मी काहीच बोलले नाही. इतक्या वर्षांत एवढं शिकले आहे, की अशा वेळी समुपदेशकाने तोंड उघडायचं नसतं. मी चार भेटींत जे समजावू पाहत होते, ते वाक्य त्यांच्या घरात तयार होतं. माणसाला धीर बाहेरून द्यावा लागत नाही, त्याच्याच माजघरातून काढून त्याच्या हातात ठेवावा लागतो, हे मला त्या दिवशी पुन्हा कळलं.

त्यांच्याच भाषेत पुढचं सगळं सोपं झालं. एजंट हा अडत्या. त्याला पैसे कंपनी देते. कायम नोकरीत बऱ्याचदा वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार, आणि कॉन्ट्रॅक्टमध्ये कंपनी देते तो दर आणि तुमच्या हातात पडतो तो दर यांच्यातला फरक. त्यामुळे तो तुमचा वकील नाही आणि तुमचा न्यायाधीशही नाही. एका जागेसाठी त्याच्याकडे ढीगभर रिझ्युमे असतात, आणि जागा भरली नाही तर त्याच्याही पदरात काही पडत नाही. तो गप्प बसतो, कारण सांगण्यासारखं त्याच्याकडे काही नसतं.

प्रतवारी मात्र घरीच करायची. त्या ३९ कारणांत एक खरं होतं, ऑटोमेशन. ते हातातलं होतं. सचिननी संध्याकाळचा क्लास लावला. वय आणि गॅपच्या ओळी आम्ही पुसल्या.

फोनवर काय विचारायचं, हेही ठरवलं. कंपनी कोणती? मध्ये आणखी एखादी एजन्सी आहे का? पेरोलवर पीएफसह घेणार, की १० टक्के टीडीएस कापून कन्सल्टंट म्हणून? कारण दुसऱ्या प्रकारात पीएफ नाही आणि भरपगारी सुट्टीही सहसा नाही, तेव्हा दोन्हींचा रेट एकच कसा चालेल? आपला खालचा आकडा आपण आधी सांगायचा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्या कंपनीला रिझ्युमे जाणार तिचं नाव मेलवर आल्याशिवाय 'पाठवा' म्हणायचं नाही. एकाच कंपनीकडे दोन एजन्सींमार्फत नाव गेलं तर हक्क कुणाचा यावरून वाद होतो आणि पुष्कळदा कंपनी ते नावच बाजूला ठेवते. सचिनचं एकदा तसंच झालं होतं.

रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग, लॅपटॉपचं डिपॉझिट असं काहीही सांगून पैसे मागितले, तर फोन ठेवून द्या. यात मला जराही किंतु नाही. अनुभवाची वर्षं वाढवून लिहा असं कुणी सुचवलं तर तेही नको, पीएफच्या नोंदीत खरी तारीख असतेच. तीन दिवसांनी एक मेल, पुढच्या आठवड्यात एक फोन, आणि नंतर ती ओळ आपल्याकडून बंद.

चौथ्या महिन्यात पहिल्या दिवशीच्या त्याच मुलीचा फोन आला. मधल्या काळात तिने एजन्सी बदलली होती, म्हणून ती गप्प होती. सचिननी सगळे प्रश्न विचारले, तिने सगळ्यांची उत्तरं दिली. हा फोन त्यांनी बसून घेतला, हे मला त्यांनी आवर्जून सांगितलं.

ते काम जमलं नाही. पुढच्या महिन्यात दुसरं जमलं, आठ महिन्यांचं, पीएफसह. शेवटच्या भेटीत त्यांनी ती शीट पुन्हा उघडून दाखवली. त्या मुलीच्या नावापुढे, 'का झालं नाही'च्या रकान्यात लिहिलं होतं: 'कळवलं नाही'.