टाकीत उतरण्याआधी

भावा, वाळूजला ईटीपीच्या (कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटच्या) कामावर लागलास, चांगलं झालं. ट्रेनिंगमध्ये बरंच सांगतील, सुरुवातीला एवढं पक्कं कर.

परमिटवर (टाकीत उतरायच्या लेखी परवानगीवर) सही आणि गॅस टेस्ट झाल्याशिवाय आत पाय टाकायचा नाही, साहेबांनी कितीही घाई केली तरी. मीटरची नळी वर, मधे आणि तळाशी सोडून बघ. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो, गाळ ढवळला की आणखी सुटतो. ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्के असला पाहिजे. नवीन पोरं वासावर जातात. हा गॅस वाढला की नाकच बधिर होतं, म्हणून वास गेला म्हणजे गॅस गेला असं समजू नकोस.

- ब्लोअर (ताजी हवा आत सोडणारा पंखा) काम संपेपर्यंत चालू.
- हार्नेस (अंगाला बांधायचे पट्टे), दोरी, ट्रायपॉड (टाकीच्या तोंडावरची तिपाई) आधीच लावलेला.
- बाहेरचा माणूस जागा सोडणार नाही, चहालाही नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आतला पडला की दुसरा वाचवायला उतरतो. विहिरीत, सेप्टिक टँकमध्ये एकामागं एक माणसं अशीच गेलीत. तू बाहेर असशील तर ओरड, विंचनं (दोरी गुंडाळून वर खेचायच्या यंत्रानं) वर ओढ, रेस्क्यू टीम बोलव. आत जायचं नाही, सख्खा भाऊ असला तरी. तोंडाला रुमाल बांधून गॅस अडत नाही. बीए सेट (सिलिंडरमधली हवा घ्यायचा श्वसन संच) पुढं शिकशील. आधी विंच स्वतः फिरवून हात बसव.